पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि तपासणी: कोल्हापूरच्या बायका काय काय विचारतात

बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढला की सगळ्यांसमोर कुणी तोंड उघडत नाही. बैठक मोडते, चहा होतो, आणि मग चपला घालता घालता एकेक जण बाजूला घेऊन हळूच विचारते. खालचे प्रश्न तसेच विचारलेले आहेत. करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या गावांतले काही, इचलकरंजीतल्या यंत्रमाग वस्तीतले काही, कोल्हापूर शहरातले काही. शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायकांच्या प्रश्नांत फारसा फरक नसतो, हे आधीच सांगते.

पिशवीचा कॅन्सर म्हणजे नक्की कुठला?

गर्भाशयाचा खालचा, योनीत उघडणारा अरुंद भाग म्हणजे पिशवीचं तोंड. डॉक्टर त्याला गर्भाशयमुख म्हणतात. बाळंतपणात उघडतं ते हेच. या पानावर जे लिहिलंय ते या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आहे. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर वेगळा, अंडाशयाचा वेगळा, आणि इथे सांगितलेल्या तपासण्या त्या दोन्हींसाठी नाहीत.

भारतातल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या खालोखाल याचाच नंबर लागतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा आजार झाला आणि जवळजवळ ८० हजार दगावल्या.

मला काहीच त्रास नाही. मग कशाला तपासून घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले थोडेच घातक, आणि १६ व १८ नंबरचे दोन प्रकार सगळ्यात जास्त घातक. शरीरसंबंधातून हा विषाणू इतक्या सहज पसरतो की बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. ना ताप, ना खाज, ना दुखणं. काही जणींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात.

एवढी सगळी वर्षं बाईला काहीही जाणवत नाही. ती भांगलणीला जाते, धार काढते, ऑफिसला जाते, पाळी वेळच्या वेळी येते. तपासणीत मात्र तो बदल दिसतो, आणि त्या टप्प्यावर उपचार अर्ध्या तासाच्या आत आटपतो. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. त्रास सुरू झाल्यावर गेलं तर बऱ्याचदा कॅन्सर झालेला असतो, आणि मग ऑपरेशन, रेडिएशन, केमो. म्हणून ही तपासणी आहे ती त्रास नसलेल्या बाईसाठीच. त्रास असेल तर तपासणी शिबिराची वाट बघायची नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, ही तपासणी कधी केली आहे का. देशभरात शंभरात दोघीही 'हो' म्हणाल्या नाहीत. आकडा होता १.९ टक्के. मला या आजारातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. दहा-वीस वर्षांची मुदत देणारे कॅन्सर फार थोडे आहेत, आणि ती मुदत आपण अशीच जाऊ देतो.

मी नवऱ्याशिवाय कुणाकडे डोळा वर करून बघितलं नाही. मला कसा होईल?

तुम्ही कशा वागलात याचा इथे प्रश्नच नाही. एकाच जोडीदाराकडूनही हा विषाणू येऊ शकतो, आणि त्याला तो लग्नाआधी कधी लागला हे त्यालाही ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं गप्प राहणारा विषाणू आहे हा. तपासणीत तो सापडला म्हणजे कुणी काही वाईट केलं असा अर्थ काढू नका, नवऱ्याबद्दलही नको. एका घरात या एका कागदावरून महिनाभर भांडण चाललं आणि पुढचा उपचार त्यातच राहून गेला. विषाणू कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीही टेस्ट सांगत नाही.

तपासण्या किती प्रकारच्या? कुठली चांगली?

तीन आहेत.

एक 'व्हीआयए'. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावतात आणि एक मिनिट थांबून नुसत्या डोळ्यांनी बघतात. बदललेल्या पेशी असतील तिथे पांढरा डाग उठतो. निकाल जागेवर कळतो. सरकारी दवाखान्यांत आणि शिबिरांत बहुतेक हीच करतात. स्वस्त म्हणून तिला कमी लेखू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर टाटा मेमोरियलने वर्षानुवर्षं अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तरीही तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरी 'पॅप'. पेशी ब्रशने हलक्या हाताने काढून काचेवर घेतात आणि लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रिपोर्टला काही दिवस लागतात.

तिसरी एचपीव्ही टेस्ट. यात विषाणूच शोधतात. तिन्हींत ही सगळ्यात भरवशाची, आणि हा पुरावासुद्धा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांवर तिन्ही पद्धती ताडून बघितल्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने वाढलेल्या अवस्थेतले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली हा निष्कर्ष छापून आला आणि जगभरची धोरणं त्यावरून बदलली. त्या शेतकरी बायकांचे उपकार आज जगातल्या बायकांवर आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. या टेस्टचा आणखी एक फायदा म्हणजे काही ठिकाणी नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो.

परवडत असेल आणि मिळत असेल तर एचपीव्ही करा. नसेल तर जी समोर आहे ती करा. चांगल्या टेस्टची वाट बघत पाच वर्षं घालवण्यापेक्षा गावच्या शिबिरातली व्हीआयए कधीही बरी.

आत नेमकं काय करतात? दुखतं का?

लाज आणि भीती इथेच असते, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

आधी लघवीला जाऊन यायला सांगतात. मग पडद्यामागे टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पाय बाजूला. साडी नेसून गेलात तर सोपं पडतं, फक्त वर सारायची. ड्रेस असेल तर सलवार काढावी लागते. कमरेवर चादर असते. सिस्टर दिवा जवळ ओढून घेतात आणि दोन पाती असलेलं एक उपकरण योनीत हळू सरकवून उघडतात, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. उपकरण गार लागतं. तिथे दाब जाणवतो, सुई टोचल्यासारखं काही होत नाही. अंग आवळून धरलं तर जास्त टोचतं, म्हणून तोंड उघडं ठेवून श्वास सोडत राहायचं. मग कापसाचा बोळा लावतात, व्हिनेगरचा आंबट वास येतो, थोडं चुणचुणतं. घड्याळ बघून एक मिनिट. संपलं. पाच मिनिटांत तुम्ही उठून बसता.

दुखायला लागलं तर "थांबा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. म्हणा.

पुरुष डॉक्टर असले तर?

व्हीआयए बहुतेक ठिकाणी सिस्टर किंवा बाई डॉक्टरच करतात. तरी जायच्या आदल्या दिवशी आशाताईंना विचारून ठेवा. डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत सिस्टर असलीच पाहिजे, आणि घरातली बाई सोबत हवी असेल तर तसं सांगा.

कुठल्या वयात आणि किती वेळा करायची?

आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे. जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही टेस्ट दर पाच ते दहा वर्षांनी पुरेशी मानते, आणि व्हीआयए किंवा पॅप असेल तर दर तीन वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बाईने २५ व्या वर्षापासून आणि जास्त वेळा करायची, कारण तिला धोका सुमारे सहापट असतो.

सासूबाईंना विसरू नका. पाळी गेली म्हणजे हा धोका गेला असं नाही. मात्र पाळी गेल्यावर, पेशींचा बदल जिथे सुरू होतो ती जागा आत सरकते आणि व्हीआयएत नीट दिसत नाही, म्हणून पन्नाशीच्या पुढच्या बाईसाठी पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट चांगली.

पाळी चालू असताना जाऊ नका. आदल्या दोन दिवसांत संबंध नको, योनीत औषध नको, आतून धुणंही नको. गरोदर असाल तर बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी. तांबी बसवली असेल किंवा कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं असेल तरी तपासणी करायची, त्याने काही अडत नाही.

मागच्या वर्षी सोनोग्राफी केली होती. त्यात दिसलं असतं ना?

नाही. गाठी, पिशवीची सूज, अंडाशय यांसाठी सोनोग्राफी चांगली. पेशींमधला सुरुवातीचा बदल तिच्यात दिसत नाही. रक्ताच्या तपासणीतही नाही.

अंगावरून पांढरं जातंय. कॅन्सर असेल का?

बहुतेक वेळा नसतो. पांढरं जाणं बऱ्याच कारणांनी होतं, जंतुसंसर्ग हे नेहमीचं कारण, आणि औषधाने बरं होतं. पण पुढच्यापैकी काही असेल तर आठवडाभरही अंगावर काढू नका: संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणं, घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं, ओटीपोटात किंवा कमरेत सतत दुखणं.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेलं, एक थेंब का असेना, तर ते "पाळी परत आली" म्हणून सोडून द्यायचं नाही. गावात याला "उष्णता" म्हणतात आणि सब्जा पाण्यात घालून पितात. प्या, पण डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा.

"डाग दिसतोय, कोल्हापूरला जा" म्हणाल्या. मला कॅन्सर झाला का?

व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही. पांढरा डाग साध्या सुजेनेही दिसतो, संसर्गानेही दिसतो. पॉझिटिव्ह आलेल्या बऱ्याच बायकांना पुढच्या तपासणीत काहीच निघत नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजेही विषाणू आहे एवढंच.

पुढची पायरी कॉल्पोस्कोपी. तसंच टेबलावर झोपायचं, फक्त डॉक्टर भिंगाच्या यंत्रातून मोठं करून बघतात. शंका वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. बदल निघाला तर तेवढाच भाग जाळतात, गोठवतात किंवा तारेच्या वेटोळ्याने काढतात. जाळायच्या पद्धतीला थर्मल अ‍ॅब्लेशन म्हणतात, त्यात गरम टोक एकेका जागी मिनिटभरापेक्षाही कमी वेळ लावतात. नंतर दोन-चार आठवडे पाण्यासारखं जातं, आणि महिना-दीड महिना संबंध टाळायचे. पिशवी जागेवर राहते, पुढे मूल होऊ शकतं. वर्षभराने परत दाखवायचं.

माझं कळकळीचं सांगणं आहे ते या टप्प्याबद्दल. शिबिरात तपासून घेतात, चिठ्ठी मिळते, आणि मग चिठ्ठी देव्हाऱ्यामागे किंवा पिठाच्या डब्याखाली जाते. ऊस जाऊ दे, मग बघू. पोरीची दहावी होऊ दे, मग बघू. कुणाला कळलं तर काय, हीही भीती. तपासणी करून चिठ्ठीवर काहीच केलं नाही तर ती तपासणी न केल्यासारखीच. आशाताईंना त्या चिठ्ठीची तारीख सांगून ठेवा, त्या मागे लागतात, आणि त्यांनी मागे लागलेलं चांगलं.

त्यापेक्षा पिशवीच काढून टाकली तर कायमची कटकट मिटेल ना?

असं म्हणणाऱ्या बायकांना मी दोष देत नाही, कारण त्यांना तसं सांगितलेलं असतं. पांढरं जातंय म्हणून गेलेल्या पस्तिशीच्या बाईला "पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढा" असं सांगून टेबलावर घेतलेलं या भागातही ऐकायला मिळतं. ऊसतोडीला बीडकडून आपल्या कारखान्यांवर येणाऱ्या टोळ्या तुम्ही दरवर्षी बघता. त्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयात मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ साली उघड झालं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

पिशवी काढणं हे मोठं ऑपरेशन आहे. सोबत अंडाशयही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, हृदयाचा धोका वाढतो. पांढरं जाण्यावर ते औषध नाही, आणि कॅन्सर "होऊ नये म्हणून" तर नाहीच. कुणी असं सुचवलं तर आधी विचारा, पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट केली का, तुकडा तपासला का. रिपोर्ट हातात घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. गाठी, खूप रक्त जाणं, अशा खऱ्या कारणांसाठी हे ऑपरेशन लागतं, तेव्हा ते जरूर करायचं.

माझी पिशवी आधीच काढलीय.

तोंडासकट काढली असेल आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर किंवा त्याआधीचा बदल नसेल तर ही तपासणी लागत नाही. काही वेळा तोंड तसंच ठेवतात, मग लागते. ऑपरेशनचा कागद शोधून दाखवा. सापडत नसेल तर डॉक्टर बघून सांगतील.

मशेरी लावल्याने होतो का?

विडी-सिगारेटच्या धुराने या कॅन्सरचा धोका वाढतो हे सिद्ध आहे. मशेरीने आपल्या खायच्या तोंडाचा कॅन्सर होतो हेही सिद्ध आहे. सोडायला तेवढं कारण पुरे.

मुलीला लस द्यायची का? पुढे मूल होत नाही म्हणतात.

द्यायची. मूल न होण्याशी लसीचा काही संबंध नाही. जगभर कोट्यवधी मुलींना ती देऊन झाली आहे. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याचं फक्त वरचं कवच असतं. दंड दुखतो, कधी ताप येतो, एखादीला टोचल्यावर चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात.

९ ते १४ हे सगळ्यात योग्य वय, कारण विषाणू अंगात यायच्या आधी लस दिली तरच तिचा पूर्ण उपयोग. "एवढ्या लहान पोरीला हे कशाला" असं आजीला वाटणं साहजिक आहे. आजीला सांगा, गोवरची लसही गोवर यायच्या आधीच देतो. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय लस आता मिळते, परदेशी लसीही आहेत. या वयात साधारण दोन डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालतो असं २०२२ मध्ये सांगितलं आहे. सरकारी लसीकरणात तुमच्या मुलीच्या वयाला काय मिळतं ते उपकेंद्रात विचारा.

लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच. लस सगळे प्रकार अडवत नाही.

कुठं जायचं? पैसे किती लागतात?

आधी गावचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे तपासणीचा दिवस कोणता ते आशाताई सांगतील. तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि कोल्हापुरात थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर हे सरकारी रुग्णालय. तिथे स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर जा, केसपेपरला रांग असते. आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख, एवढं जवळ ठेवा. सरकारी केंद्रात व्हीआयएला पैसे पडत नाहीत.

आणि खरंच कॅन्सर निघाला तर?

लवकर सापडला तर बहुतेक जणी बऱ्या होतात. सुरुवातीला ऑपरेशन, थोडा पुढे गेलेला असेल तर रेडिएशन आणि सोबत केमो. रेडिएशन बाहेरून आणि आतून, असं दोन्ही देतात. आतून द्यायचं अर्धवट सोडायचं नाही, बरं होणं त्यावर फार अवलंबून आहे. सोय कोल्हापुरात आहे, मिरजेत आहे, प्रत्येकीला मुंबई गाठावी लागत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं, दागिने गहाण टाकायच्या आधी.

हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. तिचं अंथरूण वेगळं घालू नका.

मी येतो की तपासायला, पण धार कोण काढणार?

प्रश्न बाईचा, पण हे उत्तर घरातल्या पुरुषांसाठी. सकाळची धार तुम्ही काढा, डेअरीला दूध तुम्ही घाला, पोरांचा डबा आदल्या रात्री ठरवा. गावच्या केंद्रात तिला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही. कोल्हापूरला बोलावलं असेल तर पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि सोबत जा. डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनी ऐकलेलं बरं, आणि पुढची तारीख तुमच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.